शेपटीचा गोंडा आणि अंगठ्याचा ठसा

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, सुरुवातीलाच एक खुलासा करणे मला आवश्यक वाटते. बाहेरच्या फलकावर आजचा विषय ‘ऑस्ट्रेलियातील एका दुर्गम स्टेशनचा इतिहास’ असा लिहिला गेल्यामुळे पहिल्या रांगेत रेल्वेतून निवृत्त झालेले तीन स्नेही येऊन बसले आहेत. त्यांचे मी मनापासून स्वागत करतो आणि त्यांची क्षमाही मागतो, कारण पुढच्या तासाभरात येथे एकही गाडी यायची नाही. ऑस्ट्रेलियात ‘स्टेशन’ म्हणजे गुरे किंवा मेंढ्या पाळण्यासाठी सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतलेला मुलूख. त्याला मराठी शब्द शोधण्यात मी बरेच दिवस घालवले. ‘गोठा’ म्हणावे तर तो परसात मावतो, ‘कुरण’ म्हणावे तर ते गावच्या शिवारात संपते, आणि ‘संस्थान’ म्हणावे तर तेथे राजा लागतो. हा शेवटचा शब्द वस्तुस्थितीच्या सर्वांत जवळ जातो. मात्र ज्या संस्थानाविषयी मी बोलणार आहे, त्याचा राजा लंडनमध्ये राहत असे. म्हणून मी ‘स्टेशन’ हाच शब्द ठेवला आहे.

त्या स्टेशनचे नाव वेव्ह हिल. उत्तर ऑस्ट्रेलियात, डार्विन शहराच्या दक्षिणेला, रस्त्याने गेल्यास पावणेआठशे किलोमीटरवर, व्हिक्टोरिया नदीच्या वरच्या खोऱ्यात ते आहे. तेथील टेकड्या एकामागोमाग उठलेल्या लाटांसारख्या दिसतात, त्यावरून हे नाव पडले. १९६० च्या दशकात त्याचे क्षेत्रफळ सुमारे १६,००० चौरस किलोमीटर होते. आपल्या पुणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे मुळशी ते इंदापूर आणि जुन्नर ते भोर एवढा मुलूख एकाच सातबाऱ्यावर, एकाच कंपनीच्या नावे, आणि त्यात एक व्यवस्थापक, मूठभर गोरे नोकर, हजारो गुरे व काही शे मूळनिवासी माणसे असे चित्र डोळ्यांसमोर आणावे.

सातबाऱ्याचा उल्लेख ओघात आला असे कोणी समजू नये. माझे आयुष्य जमीन मोजणीच्या खात्यात गेले. साखळी धरणे, हद्दीचे दगड शोधणे, आणि दोन भावांच्या बांधावर उभे राहून दोघांच्याही शिव्या खाणे, ही माझी नोकरी. त्यामुळे कोणताही इतिहास समोर आला की मी आधी विचारतो, येथे मोजले काय गेले, मोजले कोणी, आणि कोणाच्या वहीत ते उतरले. काही वर्षांपूर्वी डार्विनला भाच्याकडे गेलो असताना त्याने मला वेव्ह हिलच्या बाजूला नेले. तेथून परत आल्यापासून मी या स्टेशनविषयी मिळेल ते वाचत आहे आणि घरच्या मंडळींचा अंत पाहत आहे. १९६६ साली या स्टेशनवरील मूळनिवासी कामगार काम सोडून चालते झाले, ही घटना पगारवाढीचा संप म्हणून सांगितली जाते; ती मुळापासून जमिनीची मागणी होती, हे आज मी दाखवून देणार आहे. तेथे पोहोचण्यासाठी आधी गुरे कशी मोजत असत, हे मात्र सांगावे लागेल.

हा मुलूख गुरिंजी लोकांचा. त्यांच्या शेजारी मुडबुरा, बिलिनारा, वार्लपिरी असे इतर समाज आहेत. गुरिंजी भाषेत गोऱ्या माणसाला ‘कार्तिया’ म्हणतात. १८५५-५६ साली ऑगस्टस ग्रेगरी याच्या मोहिमेने व्हिक्टोरिया नदीचे खोरे पाहिले आणि गवत उत्तम असल्याचे कळवले. १८७९ मध्ये अलेक्झांडर फॉरेस्ट पश्चिमेकडून याच बाजूने आला. त्यानंतर नकाशावर रेघा ओढल्या गेल्या. आमच्या खात्यात निदान जागेवर जाऊन मग रेघ ओढायची अशी रीत होती. तेथे शेकडो मैल दूर बसून, जमीन न पाहता, पट्टे वाटले गेले. त्या जमिनीवर राहणाऱ्यांना आपण आता कोणाच्या तरी पट्ट्यात राहतो याचा पत्ता गुरे येईपर्यंत नव्हता.

ती गुरे आणली नॅट ब्यूकॅनन याने. हा गृहस्थ मला फार आवडतो, आणि तो आवडणे कितपत योग्य आहे याविषयी माझ्या मनात शंकाही आहे. १८२६ साली आयर्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस लहानपणीच ऑस्ट्रेलियात आला आणि पुढे गुरे हाकण्याच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही. १८८१ मध्ये त्याने क्वीन्सलँडहून डार्विनच्या दक्षिणेकडील ग्लेन्को स्टेशनपर्यंत सुमारे २०,००० गुरे नेण्याची कामगिरी अंगावर घेतली. बैलबाजाराला चार बैल हाकत नेताना काय काय होते हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. येथे वीस हजार जनावरे, वाटेत फुगलेल्या नद्या, आणि नद्या संपल्या की पाण्याचा थेंब नसलेली मैदाने. हा मनुष्य घोड्यावर बसून डोक्यावर हिरवी छत्री धरून चालत असे. आपल्याकडे छत्री धरून घोड्यावर बसलेला माणूस दिसला तर लोक वरात समजून मागे पाहतील, पण तेथील उन्हात ती छत्री शहाणपणाचीच होती. १८८३ साली त्याने वेव्ह हिलचा पट्टा घेतला आणि तेथे गुरे सोडली. १८८६ मध्ये त्याने न्यूकॅसल वॉटर्सहून पश्चिमेकडे येणारी मुरांजी नावाची वाट शोधली. दाट झुडपांतून जाणाऱ्या या वाटेवर पाण्याची इतकी टंचाई होती की पुढच्या पिढ्यांतले गुरे हाकणारे तिचे नाव काढले तरी गंभीर होत असत. या ‘शोधा’विषयी एवढेच म्हणतो की वाटेवरच्या पाणवठ्यांची माहिती तेथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या होती.

एवढे करून ब्यूकॅननला त्यातून पैसा मिळाला नाही. बाजार फार दूर होता, आणि त्यातच गोचिडाने गुरे मरू लागली. या गोचिडाचीही एक कथा आहे. १८७२ साली बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जाकार्ताहून, थोडी गुरे डार्विनला उतरवली गेली आणि त्यांच्या अंगावरून हा पाहुणा ऑस्ट्रेलियात शिरला. पुढे तो सगळ्या उत्तर भागात पसरला, आणि इंग्लंडकडच्या शॉर्टहॉर्न जातीच्या गुरांना त्याचा ताप सहन होईना. त्यावरचा उतारा १९३३ साली अमेरिकेतून आला: ब्राह्मण जातीचे, वशिंड असलेले, गोचिडाला दाद न देणारे पशू. अमेरिकेत ही जात भारतातून नेलेल्या कांकरेज, ओंगोल, गीर आणि कृष्णा खोऱ्यातील जनावरांच्या संकरातून तयार झाली होती. सांगलीकडचे कोणी येथे असतील तर त्यांनी मान ताठ करायला हरकत नाही. आज उत्तर ऑस्ट्रेलियाच्या रानात जे पांढुरके, वशिंडाचे कळप चरताना दिसतात, त्यांच्या रक्तात कृष्णाकाठचाही थोडा वाटा आहे. जातीचे नाव मात्र ‘ब्राह्मण’ ठेवून तिची रवानगी कत्तलखान्याकडे करण्याचे औचित्य अमेरिकनांनाच ठाऊक.

ब्यूकॅननकडून स्टेशन त्याच्या भावाकडे गेले आणि १९१४ साली ते व्हेस्टी कंपनीच्या ताब्यात आले. विल्यम आणि एडमंड हे लिव्हरपूलचे दोघे भाऊ मांस गोठवून जगभर विकण्याच्या धंद्यात होते. शीतगृहे त्यांची, ब्लू स्टार नावाची जहाजे त्यांची, इंग्लंडमधली खाटकांची दुकाने त्यांची, आणि आता गुरेही त्यांची. डार्विनला त्यांनी प्रचंड मोठा मांस कारखाना बांधला. तो १९१७ मध्ये सुरू झाला आणि १९२० मध्ये बंद पडला. स्टेशने मात्र त्यांनी सोडली नाहीत.

आता मोजणीकडे येतो, आणि येथे थोडा रेंगाळतो, त्याबद्दल राग मानू नये. कुंपण नसलेल्या १६,००० चौरस किलोमीटरमध्ये गुरे किती आहेत हे कसे कळणार? सोपी पद्धत कागदाची: गेल्या वर्षीचा आकडा घ्यावा, यंदा डागलेली वासरे मिळवावीत, विकलेली वजा करावीत, आणि मेलेल्यांचा अंदाज धरून थोडी कमी करावीत. दरवर्षी हा अंदाज जरा उदार हाताने धरला की वीस वर्षांनी वहीत निम्मी गुरे अशी असतात जी कोणी कधी पाहिलेली नाहीत. आपल्या पीकपाहणीची ज्यांना माहिती आहे ते का हसत आहेत, हे मला समजते. एक तलाठी मला म्हणाले होते की विहीर कोरडी असली तरी कागदावर ऊस उभा राहू शकतो. तेव्हा वहीतल्या गुरांना गवत कशाला लागावे? अशा वेळी, विशेषतः स्टेशन विकायचे असेल तर, खरी मोजणी करावी लागे. तिची रीत अशी की रानातून गुरे गोळा करून आणायची, लाकडी आडोशातून एकेक पुढे काढायची आणि प्रत्येकाच्या शेपटीच्या टोकाचा केसांचा गोंडा सुरीने सरळ छाटून त्याला सोडून द्यायचे. पुढे रानात जे जनावर गोंड्यासह दिसेल ते मोजायचे राहिले, आणि ज्याची शेपटी बोडकी ते वहीत चढले. निवडणुकीत आपल्या बोटाला शाई लावतात, त्याच तत्त्वावर ही मोजणी चाले. फरक इतकाच की शाई काही दिवसांनी जाते आणि गोंडा काही महिन्यांनी येतो.

ही मोजणी करत कोण होते? घोड्यावर बसून काटेरी झुडपांतून पिसाळलेले वळू बाहेर काढणारे, वासरांना लोळवून डाग देणारे, रात्रभर गाणी म्हणत कळपाभोवती फेऱ्या घालणारे हे सगळे गुरिंजी आणि त्यांचे शेजारी होते. त्यांच्या बायका व्यवस्थापकाच्या बंगल्यावर स्वयंपाक, धुणे, बाग आणि पाणी वाहणे ही कामे करत. मोबदला म्हणजे शिधा: पीठ, चहा, साखर, तंबाखू आणि खारवलेले मांस, तेही बहुधा हाडांकडचे. राहायला पत्र्याचे तुकडे आणि फांद्या जोडून केलेली, वाकून आत शिरावे लागेल अशी खोपटी. १९२४ च्या फेब्रुवारीत व्हिक्टोरिया नदीच्या पुराने जुने स्टेशन वाहून गेले आणि ते जिनपाराक या जागी नव्याने बांधले गेले. तेव्हाही बंगला नवा झाला आणि खोपटी खोपटीच राहिली.

माणसांच्या मोजणीची कथा ऐकण्यासारखी आहे. १९०१ साली अमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेच्या १२७ व्या कलमात म्हटले होते की देशाची लोकसंख्या हिशेबात घेताना मूळनिवासी लोक धरू नयेत. मोजणी खात्यात काम केलेल्या माणसाला हे वाक्य वाचून झोप येत नाही. कोणाला तरी मोजू नका, असा आदेश कायद्यात लिहावा लागतो, याचाच अर्थ ते समोर दिसत होते.

पुढे १९४४ मध्ये व्हेस्टी कंपनीला मजूर कमी पडू लागले, म्हणून तिने रोनाल्ड आणि कॅथरीन बर्न्ट या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याला पाहणीसाठी बोलावले. कंपनीची अपेक्षा अशी की मजूर कोठून वाढवता येतील हे त्यांनी सांगावे. त्या दोघांनी माणसे मोजली, घराघरातील जन्म-मृत्यू विचारले आणि असे दाखवून दिले की मुले फारशी जन्मतच नाहीत आणि जन्मलेली जगत नाहीत; अन्न, पाणी आणि निवारा यांची दशा अशी आहे की मजूर बाहेरून आणण्याआधी असलेले जगवावेत. कंपनीला हे रुचले नाही. तो मजकूर पुस्तकरूपाने लोकांसमोर यायला १९८७ साल उजाडले.

तिसरी मोजणी सरकारी. १९५३ च्या कल्याण अध्यादेशाने नॉर्दर्न टेरिटरीतील, म्हणजे वेव्ह हिल आणि डार्विन ज्या प्रदेशात आहेत तेथील, मूळनिवासी लोकांना ‘पाल्य’ ठरवले, म्हणजे ज्यांचे पालकत्व सरकारकडे आहे असे लोक. १९५७ मध्ये त्यांची नोंदवही तयार झाली आणि तिच्यात सुमारे १५,००० नावे चढली. पाल्याने दारू प्यायची नाही, परवानगीवाचून पाल्य नसलेल्याशी लग्न करायचे नाही, आणि त्याची मजुरी वेगळ्या कायद्याने ठरणार, अशी ती व्यवस्था होती. त्या वहीला तेथील लोकांनी ठेवलेले टोपणनाव माझ्या आजच्या सगळ्या भाषणाचे बीज आहे. ते तिला ‘स्टड बुक’ म्हणत. जातिवंत घोड्यांची आणि वळूंची वंशावळ ज्या वहीत लिहितात, तिचे हे नाव. आधी माणसाला मोजायचे नाही असे ठरले, आणि मोजायची वेळ आली तेव्हा वही जनावरांची सापडली.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. घरी ती सुरू केली की आमच्या सौभाग्यवती उठून स्वयंपाकघरात जातात, पण येथे दरवाजा माझ्या नजरेत आहे. १९२९ च्या मार्चअखेरीस चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ याचे ‘सदर्न क्रॉस’ हे विमान वायव्य किनाऱ्याच्या चिखलात उतरले आणि त्याचा ठावठिकाणा लागेना. कीथ अँडरसन हा त्याचा जुना सहकारी बॉब हिचकॉक याला घेऊन ‘कूकाबरा’ नावाच्या लहान विमानातून शोधाला निघाला. १० एप्रिलला अ‍ॅलिस स्प्रिंग्ज सोडून ते वेव्ह हिलच्या दिशेने उडाले. वाटेत तानामी वाळवंटात इंजिनाने दगा दिला. विमान खाली आले, ते सुस्थितीत होते, पण भोवती झुडपे इतकी की पुन्हा उडायला धावपट्टी होईना, आणि जवळ पाणी नाहीच म्हणावे इतके. ज्यांना शोधायला हे निघाले होते, ते सगळे दोनच दिवसांनी, १२ एप्रिलला, सुखरूप सापडले. अँडरसनने विमानाच्या सुकाणूच्या कापडावर आपली हकिगत लिहून ठेवली होती. २१ एप्रिलला क्वांटासच्या लेस्टर ब्रेन या वैमानिकाला आकाशातून ते विमान दिसले. मग वेव्ह हिलहून घोडे घेऊन हवाई दलाच्या चार्ल्स ईटनच्या नेतृत्वाखाली एक तुकडी निघाली, आणि सोबत स्टेशनवरचे मूळनिवासी वाटाडे होते. वाटाड्यांनी तुकडीला वाळवंटातून त्या ठिकाणापर्यंत नेले. अँडरसन आणि हिचकॉक दोघेही मरण पावले होते; तुकडीने त्यांना तेथेच पुरले. नंतर ते देह बाहेर काढून एकाचे सिडनीत आणि दुसऱ्याचे पर्थमध्ये सन्मानाने दफन झाले. त्या विमानाचे अवशेष शोधायला १९७८ साली डिक स्मिथ हा उद्योजक गेला आणि ते त्याला सापडलेही.

मला या गोष्टीत खिळवून ठेवणारी बाब ही की दोन गोऱ्या माणसांसाठी एवढा खटाटोप झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. परंतु त्याच वाळवंटाच्या कडेला, त्याच स्टेशनवर, वर्षाला किती मूळनिवासी मुले दगावत होती, हे मोजायला पुढे आणखी पंधरा वर्षे लागली.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. ‘दहा मिनिटे’ असे लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. त्यांच्या मोजणीविषयी माझी तक्रार नाही. संपाचा सगळा इतिहास मला आता दहा मिनिटांत सांगायचा आहे, तेव्हा भराभर चालतो.

१९६५ मध्ये नॉर्थ ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियनने लवादाकडे अर्ज केला की गुरांच्या स्टेशनांवरील वेतनाच्या निवाड्यातून मूळनिवासी कामगारांना वगळणारी कलमे काढून टाकावीत. त्या सुनावणीत एकाही मूळनिवासी कामगाराची साक्ष झाली नाही. मालकांच्या बाजूने जॉन केर नावाचे वकील उभे होते. हे नाव लक्षात ठेवावे. मार्च १९६६ मध्ये निकाल लागला: समान वेतन मान्य, पण ते लागू होणार डिसेंबर १९६८ पासून. मे महिन्यात न्यूकॅसल वॉटर्स येथील कामगारांनी लुप्न्गियारी यांच्या पुढाकाराने काम सोडले, आणि २३ ऑगस्ट १९६६ रोजी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्यामागे वेव्ह हिलचे कामगार, त्यांच्या बायका, म्हातारी माणसे आणि मुले चालत निघाली. व्यवस्थापक टॉम फिशर यांनी परत येण्याविषयी विनवले, मांस देऊ केले, तरी ती परतली नाहीत. आधी व्हिक्टोरिया नदीच्या कोरड्या पात्रात मुक्काम झाला, पाऊस आला तसा तो उंचावर गेला.

आता माझा मुद्दा. पगारासाठी संप करणारा माणूस फाटकाशी बसतो, कारण त्याला आत परत जायचे असते. हे लोक फाटकापासून दूर चालत गेले. १९६७ च्या सुरुवातीला त्यांनी मुक्काम हलवला तो वॉटी क्रीक येथे, ज्याला ते दागुरागू म्हणतात. पाणी बारमाही आणि पूर्वजांची पवित्र स्थाने जवळ, अशी ती जागा त्यांनी निवडली, आणि कागदोपत्री ती व्हेस्टींच्या पट्ट्यात होती. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी कब्जा आधी घेतला आणि फेरफाराचा अर्ज नंतर दिला. तो अर्ज एप्रिल १९६७ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड केसी यांच्याकडे गेला. फ्रँक हार्डी या लेखकाने त्यांच्या सांगण्यावरून तो लिहिण्यास मदत केली. आमचे लोक अनादी काळापासून येथे राहत आले, आमची संस्कृती आणि पवित्र स्थाने याच भूमीत घडली, ती राखताना आमचे पुष्कळ पूर्वज मारले गेले, म्हणून नीतीने ही जमीन आमची आहे, असा त्याचा आशय होता. मागणी ५०० चौरस मैलांची, म्हणजे सुमारे १,३०० चौरस किलोमीटरची. खाली लिंगियारी आणि आणखी तिघांच्या नावांपुढे अंगठ्यांचे ठसे. आपल्याकडे ‘अंगठाबहाद्दर’ हा शब्द कुचेष्टेने वापरतात; मी शेकडो खरेदीखते पाहिली आहेत, पण याच्याइतका वजनदार अंगठा माझ्या पाहण्यात नाही. जूनमध्ये अर्ज नामंजूर झाला.

दुसरा पुरावा त्याहून पक्का आहे. डिसेंबर १९६८ मध्ये समान वेतन खरोखरच लागू झाले. भांडण केवळ पगाराचे असते तर ते त्या दिवशी मिटायला हवे होते. गुरिंजी परतले नाहीत. त्यांनी कुंपणे घातली, घरे बांधली आणि आपल्या नावाची पाटी लावली, कारण व्हेस्टींच्याही पाट्या होत्या. दुसरीकडे इतर स्टेशनांवर समान वेतनाचा परिणाम असा झाला की मालकांनी माणसे कमी केली, पुढे गुरे हेलिकॉप्टरने हाकली जाऊ लागली आणि हजारो लोक आपल्याच मुलखातून बाहेर पडले. त्यांच्या हाती पगाराचा निवाडा होता आणि पायाखाली जमीन नव्हती. दरम्यान २७ मे १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी होकार दिला आणि राज्यघटनेतील ते १२७ वे कलम रद्द झाले. हा सगळा भाग मी सविस्तर सांगणार होतो. सव्वीस पानांपैकी एकोणीस येथे माझ्या हातात तशीच राहिली आहेत.

१९७२ च्या डिसेंबरात गॉफ व्हिटलम पंतप्रधान झाले. व्हेस्टींनी आपल्या पट्ट्यातील सुमारे ३,२३६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याहून थोडी कमी जमीन सोडली. १६ ऑगस्ट १९७५ रोजी व्हिटलम यांनी दागुरागू येथे लिंगियारी यांच्या हाती पट्ट्याचा कागद दिला आणि ओंजळभर माती त्यांच्या तळहातावर ओतली. मातीची ही कल्पना सरकारचे सल्लागार नगेट कूम्ब्ज यांची होती. १८३५ साली मेलबर्नजवळ गोऱ्यांशी झालेल्या एका व्यवहारात मूळनिवाशांनी माती हाती दिली होती, तिची ही परतफेड. ते छायाचित्र मर्व्हिन बिशप यांनी काढले, आणि ते स्वतः मूळनिवासी. समारंभ मांडवाच्या सावलीत झाला होता; बिशप यांना प्रकाश हवा होता, म्हणून त्यांनी दोघांना उन्हात बोलावून माती पुन्हा ओतायला सांगितली. आज सगळीकडे छापले जाते ते या दुसऱ्या खेपेचे. पुढे तीन महिन्यांच्या आत, ११ नोव्हेंबरला, व्हिटलम यांना गव्हर्नर जनरलनी बडतर्फ केले. त्या गव्हर्नर जनरलचे नाव सर जॉन केर.

अध्यक्ष उभे राहिले आहेत, तेव्हा शेवटच्या नोंदी. १९७५ चा कागद ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याचा होता, मालकीचा नव्हे. १९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीसाठी मूळनिवासी भूमिहक्कांचा कायदा झाला, आणि त्याखाली दागुरागूची कायमची, कोणालाही विकता न येणारी मालकी गुरिंजींना मिळायला १९८६ साल लागले. लिंगियारी २१ जानेवारी १९८८ रोजी वारले. उरलेल्या वेव्ह हिल स्टेशनवर आजही गुरे आहेत; त्यातील सुमारे ५,००० चौरस किलोमीटरवर गुरिंजींचा परंपरागत हक्क न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केला. जिनपाराकपासून दागुरागूपर्यंतची ती वाट २००७ पासून राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदलेली आहे आणि दर ऑगस्टमध्ये लोक तिच्यावरून पुन्हा चालतात.

तिसऱ्या रांगेतून मघाशी एक प्रश्न आला होता, त्याचे उत्तर देऊन थांबतो. त्या दिवशी किती माणसे निघाली, असे आपण विचारलेत. मी जे जे वाचले त्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ‘सुमारे दोनशे’ असे लिहिलेले आहे. त्यातला ‘सुमारे’ हा शब्द मला अजून कोठेच काढता आलेला नाही.